तांब्यावरचे सेनापती

अँटवर्पमध्ये शुक्रवारबाजार नावाचा एक चौक आहे आणि तिथे खरोखरच शुक्रवारी जुन्या सामानाचा लिलाव होतो. चौक छोटासाच. भोवती विटांची उंच, अरुंद घरे. फरसबंदीवर खुर्च्या, पितळी दिवे, गुंडाळलेले गालिचे, कुणाच्या तरी आजीचे कपबशांचे संच मांडलेले. म्हातारे माणूस गेले की घर रिकामे होते आणि त्यातले बरेचसे इथे येऊन पडते. पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस केल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. विकणाराही भाव सांगतानाच त्यात घासाघिशीची जागा ठेवतो. इथे पुकारणारा आवाज चढवत नाही आणि घेणारा नुसती हनुवटी हलवतो. व्यवहार झाला की दोघेही दुसरीकडे बघतात. मी तासभर उभी होते. एवढ्या गर्दीत एकदाही कुणाचा धक्का लागला नाही.

याच चौकाला लागून प्लँटिन आणि मोरेटस या मुद्रकांचे घर आहे. सतराव्या शतकात युरोपातल्या उमराव-सेनापतींचे चेहरे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापले जात. चिलखत घातलेले, हातात सेनापतीचा दंड धरलेले, खाली लॅटिनमध्ये बिरुदांची ओळ. त्या चेहऱ्यांच्या मागे मी या गावात आले होते. ब्रेडा आणि ॲम्स्टरडॅम पुढे होते, पण सुरुवात इथूनच करणे भाग होते, कारण त्या काळी असे चेहरे कोरणारे सर्वांत तयार हात याच गावात होते.

क्रिस्तोफ प्लँटिनने १५५५ मध्ये अँटवर्पला छापखाना काढला. पुढे त्याचा जावई मोरेटस आणि त्याच्या वंशजांनी तो तीन शतके चालवला. १८७६ मध्ये शहराने यंत्रे, खिळे, हिशेबाच्या वह्या यांसकट सगळे घर विकत घेतले, म्हणून आज ते जसेच्या तसे आहे. १६०० च्या सुमाराची दोन लाकडी छापयंत्रे तिथे उभी आहेत. जगात याहून जुने छापयंत्र शिल्लक नाही. खोल्यांच्या भिंती सोनेरी नक्षीच्या चामड्याने मढवलेल्या आहेत, पायाखाली फळ्या करकरतात, आणि आतल्या अंगणात वेलींची दाट हिरवी सावली असते. बाल्थाझार मोरेटस हा चित्रकार रूबेन्सचा मित्र. रूबेन्स त्याच्या पुस्तकांची मुखपृष्ठे काढून देई, आणि तेही बहुधा सुट्टीच्या दिवशी, कारण एरवीचा त्याचा दिवस मोरेटसला परवडला नसता. त्यातले एक मुखपृष्ठ मी बराच वेळ पाहिले. ब्रेडाच्या वेढ्यावरचे ते लॅटिन पुस्तक याच छापखान्यातून १६२६ मध्ये निघाले. लिहिणारा हेर्मान ह्यूगो हा जेझुइट पाद्री, वेढा घालणाऱ्या स्पॅनिश सेनापती स्पिनोलाच्या सैन्याबरोबर राहिलेला. शहर शरण आल्यावर वर्षभरात पुस्तक बाजारात. लढाई, पुस्तक, नकाशा, सेनापतीचा चेहरा असे सगळे एकाच गावातून कागदावर उतरत होते.

ही मोठी लाकडी यंत्रे अक्षरांसाठी. तांब्यावरचे चित्र त्यांवर निघत नाही, कारण अक्षराचा उठाव शाई घेतो, तर तांब्यात शाई भरते ती खोल रेषेत. ती रेषा कागदावर ओढून घ्यायची तर जबरदस्त दाब लागतो, म्हणून त्याला रुळांचे वेगळे यंत्र. मोरेटसही तांब्याचे काम गावातल्या गाले घराण्यासारख्या कोरणाऱ्यांकडे पाठवत. ते काम डोळ्यांनी बघायला मिळावे म्हणून मी एका मुद्राचित्रकार बाईंच्या कार्यशाळेत गेले. मागच्या अंगणात खोली, खिडकीपाशी टेबल. बाई साठीच्या, बोलायला कमी. मी दोन-तीन प्रश्न एकदम विचारले तर म्हणाल्या, "आधी बघा." मग मी गप्प बसून बघितले.

वाळू भरलेली चामड्याची गोल उशी आणि तिच्यावर तांब्याचा घासूनपुसून आरशासारखा केलेला पत्रा. हातात ब्युरिन, म्हणजे तिरकस कापलेल्या टोकाची पोलादी सळई, तिची लाकडी मूठ तळहातात रुतवलेली. आपण पेन्सिल ओढतो. ब्युरिन पुढे ढकलायची असते. वळण घ्यायचे असले की उजवा हात जागेवर राहतो आणि डावा हात उशीवरचा पत्राच फिरवतो. टोकापुढे तांब्याची बारीक सोनेरी साल गोल वळत वर येते. जोर वाढवला की रेषा रुंद होते, हलका केला की केसासारखी होऊन संपते. एका रेषेत असे तीनदा फुगणे आणि तीनदा विरणे त्यांनी मला करून दाखवले. मग शाई. जवसाचे आटवलेले तेल आणि काजळी, पत्र्यावर फासलेली, जाळीदार कापडाने पुसलेली. शेवटचा हात मात्र कापडाचा नाही, तळव्याचा. भाकरी थापणारीचा तळवा पिठावरून फिरतो तसा त्यांचा तळवा पत्र्यावरून झरझर फिरला, आणि वरची शाई निघून गेली, रेषांतली राहिली. ओलसर कागद, वर लोकरी नमद्याचे थर, रुळांमधून एक फेरा. कागद सोलून वर उचलला तेव्हा त्यावर चित्र उलटे आले होते, डाव्याचे उजवे.

हे उलटेपण सेनापतीच्या चित्राला जड जाते. पत्र्यावर सरळ कोरले तर छापात तलवार भलत्या कमरेला आणि दंड डाव्या हातात. म्हणून जाणता कोरणारा आरशात बघून कोरे. चूक झाली तर पत्रा त्या जागी घासायचा, मागून हातोडीने ठोकून वर उचलायचा, पुन्हा गुळगुळीत करून पुन्हा कोरायचा. बाईंनी एका जुन्या पत्र्याची मागची बाजू माझ्या बोटांना लावली. तिथे ठोकल्याचे लहान लहान खळगे होते.

अँटोनी व्हॅन डाइक याच गावचा, १५९९ चा जन्म. १६३० नंतरच्या दशकात त्याने आपल्या काळातल्या नामवंतांच्या चेहऱ्यांची एक मालिका हाती घेतली. आज तिला 'आयकनोग्राफी' म्हणतात. मार्टिनस व्हान डेन एंडन या प्रकाशकाने तिचे ८० छाप काढले, त्यात राजे आणि सेनापती १६, मुत्सद्दी आणि विद्वान १२, आणि कलावंत व कलेचे चाहते तब्बल ५२. १६४१ मध्ये व्हॅन डाइक वारला. मग खिलिस हेंड्रिक्सने पत्रे मिळवून, भर घालून, शंभरांचा संच केला. थोडे चेहरे व्हॅन डाइकने स्वतः ॲसिडच्या साहाय्याने, एचिंग करून उतरवले. बाकीच्यांसाठी तो फक्त करड्या-तपकिरी रंगात छोटे नमुने करून देई आणि कोरण्याचे काम लुकास फोर्स्टरमान, पाउलस पोंटियस, पीटर दे योडे असे लोक करत. प्रत्येक छापाच्या तळाशी बारीक अक्षरांत रंगवणारा कोण, कोरणारा कोण, छापून विकणारा कोण, तिघांची नावे असतात. राजाकडून मक्ता मिळाला असेल तर तेही लिहिलेले असते, म्हणजे दुसऱ्याने नक्कल करायची नाही. मला ही खालची ओळ मनापासून आवडते. वर ड्यूक आणि मार्क्विस असतील, पण घाम गाळणाऱ्याचे नाव त्याच कागदावर, त्याच शाईत आहे.

स्पिनोलाचा चेहरा फोर्स्टरमानने कोरला. हा फोर्स्टरमान तापट, रूबेन्सशी त्याचे इतके बिनसले की रूबेन्सच्या जिवाला धोका असल्याची बोलवा उठली. पण त्याच्या हाताला तोड नव्हती. व्हॅन डाइकने त्याचाही चेहरा एचिंग करून ठेवला आहे. असले काम माणसाचे डोळे खाते. उतारवयात फोर्स्टरमानची दृष्टी गेली.

अँटवर्पच्या रस्त्यांत आता त्या काळच्या लष्कराची खूण दिसत नाही. जुने तट पाडून तिथे झाडांचे रुंद रस्ते केले आहेत. दक्षिणेला ड्यूक ऑफ आल्बाने बांधलेला स्पॅनिश बालेकिल्ला होता, तिथे आज सुबक चौक, कॉफीची दुकाने आणि कलासंग्रहालय आहे. याच बालेकिल्ल्यातून १५७६ च्या नोव्हेंबरात पगार थकलेले स्पॅनिश शिपाई गावावर तुटून पडले. हजारो माणसे मारली गेली, नगरभवन जळाले. मी त्या भागात एका संध्याकाळी फिरले तेव्हा एका गाडीवर बटाट्याच्या काड्या तळत होते. इथे त्या दोनदा तळतात, आधी मंद, मग कडक आचेवर, आणि कागदी शंकूत भरून वर मेयोनीज घालतात. मी तळण कशाचे म्हणून विचारले. "बैलाच्या चरबीचे," मुलाने लगेच सांगितले, आणि माझा चेहरा बघून दोन गल्ल्या पलीकडे तेलात तळणाऱ्याचे दुकान दाखवले. आपले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवताना त्याला जराही वाईट वाटले नाही. फ्लेमिश माणसाची ही तऱ्हा मला जागोजागी भेटली. गोड बोलत नाहीत, पण विचारलेत तर खरे सांगतात.

स्टेशनजवळच्या हिऱ्यांच्या गल्लीत मात्र हवा एकदम बदलते. पालनपूरच्या जैन कुटुंबांनी इथल्या हिऱ्याच्या धंद्यात मोठी जागा मिळवली आहे. फुटपाथवर माझ्या तोंडून मराठीत काहीतरी निघाले तर मागून आवाज आला, "ताई, पुण्याच्या का?" गृहस्थ गिरगावात वाढलेले, मराठी अस्खलित. पाच मिनिटांत चहा, दहा मिनिटांत रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण. शेजारच्या फ्लेमिश घरात जेवायला जायचे तर तारीख तीन आठवडे आधी ठरते, असे त्यांनीच हसत सांगितले, आणि लगेच जोडले की ठरलेल्या दिवशी ते लोक तुमच्यासाठी संपूर्ण संध्याकाळ मोकळी ठेवतात. रात्री कढी-खिचडी खाताना मी छापांचा विषय काढला. ते उठले आणि हिरे पारखायचे आपले एक जुने भिंग आणून माझ्या हातात ठेवले. "तुमच्या सेनापतींना याने बघा. दहापट दिसेल. लबाडी लपत नाही याच्यापुढे." त्या भिंगाने पुढच्या सगळ्या प्रवासाचे रूपच बदलले.

अँटवर्पहून ब्रेडाकडे जाताना सीमा कुठे ओलांडली ते कळत नाही. दोन्हीकडे ब्राबांटच. सपाट कुरणे, पाण्याने भरलेले चर, ओळीत उभे पॉपलर, आणि त्यावर अफाट आकाश. सह्याद्री बघत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना पहिला तास टेकायला जागाच मिळेना. मग ध्यानात आले की इथले स्पॅनिश-डच युद्ध असे का झाले. जिथे डोंगर नाही तिथे गड मातीचा आणि पाण्याचा. खंदक खणायचे, बांध फोडून शेते बुडवायची, आणि शत्रूने तोच बांध पुन्हा बांधायचा. स्पिनोलाने १६२४ च्या ऑगस्टमध्ये ब्रेडाला वेढा घातला तेव्हा तटावर चाल केलीच नाही. शहराभोवती मातीची दुहेरी तटबंदी उभी केली, एक आतल्यांना कोंडायला, दुसरी बाहेरून मदत येऊ नये म्हणून, आणि भुकेची वाट बघत बसला. १६२५ च्या जूनमध्ये शहराचा डच किल्लेदार युस्टिन व्हान नासाऊ शरण आला. शिबंदीला शस्त्रे घेऊन, मानाने बाहेर पडू दिले. तो प्रसंग स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केथने रंगवला, ते चित्र माद्रिदला प्राडोमध्ये आहे. व्हेलास्केथने स्पिनोलाला जवळून पाहिले होते. १६२९ मध्ये त्याच्याच ताफ्याबरोबर तो इटलीला गेला होता.

ब्रेडाची माणसे बोलकी. उत्तरेकडच्या डच माणसांच्या मानाने खाण्यापिण्याची हौस मोठी, चौकात दुपारपासून टेबले भरलेली. तरी दुपारचे जेवण ते डचच: पावाच्या दोन चकत्या, चीज, आणि पेलाभर ताक. ताक बघून माझा जीव सुखावला. दाट, आंबट, गार. मीठ नाही, जिरे नाही, पण ताकच. शेजारच्या टेबलावरचे आजोबा मी पुन्हा मागवलेले बघून खूश झाले. परदेशी लोक त्याला तोंड लावत नाहीत म्हणाले. त्यांनीच मला पाणदरवाजाचे दोन बुरूज बघायला पाठवले आणि जाता जाता बोटीची गोष्ट सांगितली. १५९० च्या मार्चमध्ये पीट, म्हणजे जळणाची दलदलीची माती, वाहणाऱ्या बोटीच्या पोटात सत्तरेक शिपाई लपून किल्ल्यात शिरले आणि ब्रेडा स्पॅनिशांकडून घेतले. मी त्यांना कोंडाजी फर्जंदाची गोष्ट सांगितली, १६७३, साठ माणसे आणि पन्हाळा. आजोबांनी कॉफी निवू दिली, पण गोष्ट पुरी ऐकली. "डोंगरावर? रात्री?" एवढेच दोनदा विचारले.

मोठ्या चर्चमध्ये नासाऊच्या दुसऱ्या एंगेलब्रेख्टची कबर आहे. अलाबास्टरची. खाली सरदार आणि त्याची पत्नी कफनात निजलेली, गाल बसलेले, अंग आखडलेले. चार कोपऱ्यांना गुडघ्यावर बसलेले चार वीर, त्यांच्या खांद्यांवर एक दगडी फळी आणि फळीवर सरदाराचे रिकामे चिलखत, सुटे सुटे मांडलेले. ही कबर सोळाव्या शतकातली, माझ्या छापांच्या शंभर वर्षे आधीची. पण इथे उभी असताना मला त्या छापांतल्या चिलखतांचा अर्थ लागला. व्हॅन डाइकच्या काळात गोळीपुढे पूर्ण चिलखताचा फारसा उपयोग उरला नव्हता. रणात बरेच सरदार जाड चामड्याचा कोट आणि छातीपुरता पत्रा घालत. चित्रासाठी मात्र गळ्यापासून मांडीपर्यंत पोलाद चढवत. पोलाद म्हणजे घराणे. मी अमुक पिढ्यांचा लढवय्या, हे त्यातून सांगायचे असे. स्पिनोलाला तर ते सांगण्याची गरज जास्तच. तो जिनोव्हाच्या सावकारी घराण्यातला, स्वतःच्या पैशांनी पलटणी उभ्या करून सेनापती झालेला. १६३० मध्ये कसालेच्या वेढ्यात तो मेला तेव्हा स्पेनच्या राजाकडचे त्याचे पैसे फिटलेले नव्हते.

ब्रेडातल्या उपाशी महिन्यांचा त्या चेहऱ्यावर मागमूस नाही. हे मला सगळा प्रवासभर खुपत राहिले. चेहऱ्याच्या छापात सेनापती एकटा असतो. मागे पडदा, फार तर दूर ढगाळ आकाश. वेढ्याची भूक, गावात शिरलेला रोग, खंदक खणून मेलेले मजूर यांना त्या कागदात जागा नाही. त्याच काळात तांब्यावर त्यांनाही जागा देणारा माणूस होता, लोरेनचा झाक कालो. ब्रेडाच्या वेढ्याचा सहा पत्र्यांचा अवाढव्य नकाशा त्यानेच स्पॅनिश नेदरलँड्सची राज्यकर्ती इन्फांता इसाबेला हिच्या सांगण्यावरून केला. आणि त्यानेच १६३३ मध्ये युद्धाच्या हालअपेष्टांची अठरा छोटी चित्रे काढली, ज्यांत लुटलेली शेतघरे आहेत आणि एका झाडाला फळांच्या जागी लटकलेली माणसे आहेत. सेनापतींच्या चेहऱ्यांचा संच ज्याला बघायचा असेल त्याने कालोची ही अठरा चित्रे शेजारी ठेवूनच बघावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

ॲम्स्टरडॅमला मी नेमके तेच केले. राइक्सम्युझियमच्या अभ्यासिकेत अर्ज केला की छाप टेबलावर आणून देतात. खोलीत बोलायचे नाही, पेन नाही, फक्त पेन्सिल. आणून देणारा तरुण मुलगा पुठ्ठ्याची पेटी उघडून कागद दोन्ही हातांनी उचलून ठेवी आणि मान तुकवून जाई. त्याच्या त्या हालचालीत देवघरातली शिस्त होती. तीस वर्षांच्या युद्धात जर्मन बादशहाच्या बाजूने लढलेले कॅथलिक सेनापती टिली, पापेनहाइम, वालेनस्टाइन, आणि त्यांचा कट्टर शत्रू स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ, चौघे एका टेबलावर. चौघेही एकाच कॅथलिक गावात, एकाच मालिकेत छापलेले. त्यांच्यातल्या तिघांना १६३२ ने नेले. टिली एप्रिलमध्ये, लेख नदीवर पायाला तोफगोळा लागून. गुस्ताव्ह अडॉल्फ आणि पापेनहाइम नोव्हेंबरात, ल्यूत्सेनच्या एकाच लढाईच्या पायी. वालेनस्टाइनला १६३४ च्या फेब्रुवारीत एगर गावी बादशहाच्याच माणसांनी भोसकले. मालिका पुरी होईतो चौघेही कागदावरच उरले होते. एकमेकांचे सैन्य कापून काढणारे हे लोक अँटवर्पच्या गिऱ्हाइकाला एकाच दुकानात, एकाच आकारात मिळत, आणि तो ते एका वहीत ओळीने चिकटवी.

मी टिलीवर भिंग धरले. गाल खोल गेलेले, नाक लांब, दाढीचे टोक. दहापट मोठा झाला की चेहरा नाहीसाच होतो. गालावर नुसते ठिपके, रेषांच्या चौकटीत एकेक ठिपका पेरलेला. डोळ्याखाली तीन आडव्या रेषा. भुवईत एक रेषा मध्येच जाड होऊन तुटलेली. चिलखताचा झळाळ कोरलेलाच नाही. सगळीकडून रेषा तिथवर येतात आणि थांबतात, आणि उरलेला कोरा कागद चकाकतो. पीटर दे योडेच्या हाताची ही कमाल. याच टिलीच्या सैन्याने १६३१ च्या मे महिन्यात माग्डेबुर्ग घेतले तेव्हा सुमारे वीस हजार माणसे मेली, गाव जळून गेले. त्याच्या चेहऱ्यावर थकवा आहे, कडवेपणा आहे, एक प्रकारचा संन्यस्तपणाही आहे. पण माग्डेबुर्ग कुठल्याच रेषेत सापडत नाही. मी शोधले. शेजारी कालोचे झाड ठेवले होते म्हणूनच मला ते शोधायचे सुचले.

पत्र्याला निष्ठा नसते, याचा पुरावाही या काळाने ठेवला आहे. प्येर लोंबारने व्हॅन डाइकच्या धर्तीवर घोडेस्वाराचा एक मोठा पत्रा कोरला. एका छापात घोड्यावर इंग्लंडमध्ये राजाविरुद्ध उठलेला क्रॉमवेल आहे. दुसऱ्यात, त्याच घोड्यावर, त्याच चिलखतात, ज्याचा शिरच्छेद झाला तो चार्ल्स राजा. आणि एका छापात धडावर डोकेच नाही, जुने घासून काढलेले, नवे अजून बसायचे. राज्य बदलले की डोके बदलायचे, बाकी सामान तेच. अँटवर्पच्या बाईंनी दाखवलेले मागच्या बाजूचे ठोक मला इथे आठवले.

मग मी ज्यासाठी खरी थांबले होते तो विषय. निकोलास वित्सेन हा ॲम्स्टरडॅमचा महापौर आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. त्याच्या संग्रहात हिंदुस्थानातल्या राजेलोकांच्या ४९ चित्रांचा एक संच होता, गोवळकोंड्याच्या कलमाने १६८० नंतरच्या वर्षांत रंगवलेला. तो आज याच संग्रहालयात आहे आणि त्यात शिवाजी महाराज आहेत. डच लोकांची वखार सुरतेला होती, वेंगुर्ल्याला होती. वेंगुर्ल्याच्या वखारीचे पडके अवशेष आपण आजही बघतो. त्या वखारींच्या पत्रव्यवहारातून महाराजांचे नाव इथवर पोचले होते, आणि नाव पोचले की इथल्या लोकांना चेहरा हवा असे. १७२४ ते १७२६ या काळात फ्रान्स्वा व्हालेंटाइन या धर्मोपदेशकाने पूर्वेकडच्या देशांवर प्रचंड ग्रंथ काढला, त्यात महाराजांचे चित्र तांब्यावर कोरून छापलेले आहे. १७८२ मध्ये लंडनला रॉबर्ट ऑर्मच्या पुस्तकातही तसेच एक निघाले. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये जे समकालीन वळणाचे चित्र पुण्यात लोकांपुढे आणले, तेही डचांच्या याच हौसेचे फळ.

व्हालेंटाइनच्या पानावर मी भिंग धरले तेव्हा हात किंचित कापला. पगडी, तुरा, टोकदार दाढी. कोरणाऱ्याने हिंदुस्थान पाहिलेला नाही, माणूस पाहिलेला नाही. गोवळकोंड्याच्या चित्रकाराची अखंड वळणदार रेषा त्याने फोडून आपल्या ठिपक्यांत आणि जाळीत बसवली आहे. गालावर तेच ठिपके, जे टिलीच्या गालावर होते. त्यामुळे काही हरवलेही आहे. मूळ चित्रातली नाकाडोळ्यांची धार छापात बोथट होते. तरीही या कोरणाऱ्यांचे उपकार मानल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांनी वालेनस्टाइनला जी रीत लावली तीच आमच्या राजाला लावली, त्याच तांब्यावर, त्याच मेहनतीने.

आणि तिथेच मला आपल्या बाजूची उणीव बोचली. इथे दुय्यम दर्जाच्या सरदाराचाही चेहरा पेटीतून निघतो. मोंकादा, कोलोमा, लेगानेस ही नावे किती जणांना ठाऊक असतील? त्यांच्या भुवया मला आता पाठ आहेत. तानाजी मालुसऱ्यांची भुवई कुणालाच ठाऊक नाही. त्यांना आपण चेहऱ्याने नाही, आवाजाने सांभाळले. तुळशीदासाचा पोवाडा आहे, त्यात माणसे आहेत, जेवण आहे, लग्न सोडून निघणे आहे, कडा आहे, मरण आहे. टिलीच्या छापात जे नाही ते बरेचसे पोवाड्यात आहे. मला दोन्ही हवे होते. तांबे आपल्याकडे कमी नव्हते, कोरणारा हातही होता. ताम्रपट आपण शतकानुशतके कोरत आलो. छापण्यासाठी उलटे कोरायचे, ही गोष्ट मात्र उशिरा आली. नाना फडणविसांच्या मनात गीता छापायचे होते. त्यासाठी पुण्यात एका कारागिराला तांब्यावर कोरायला शिकवले गेले, नाना १८०० मध्ये गेले, आणि काम शेवटी मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये पुरे झाले. पहिला मान गीतेला मिळाला, ते योग्यच झाले. पण त्या कारागिराच्या उशीवर एखादा सरदारही चढला असता तर?

शेजारच्या टेबलावर एक वयस्क डच अभ्यासक बाई जुने नकाशे बघत होत्या. अभ्यासिका बंद होताना बाहेरच्या दालनात त्यांनी मला थेट विचारले, डच लोक विचारतात तसे, की तुम्ही त्या एका पानावर इतका वेळ का घालवलात. मी महाराजांबद्दल सांगितले, मग सिंहगडाबद्दल, मग तानाजींबद्दल. "त्यांचे चित्र कुठल्या पेटीत आहे?" त्यांनी विचारले. चित्र नाही म्हटल्यावर त्यांनी जरा विचार केला आणि पुढचा प्रश्न टाकला, "बरं, मग तो कडा किती उंच?" त्यांच्या गावात सर्वांत उंच काय असेल तर चर्चचा मनोरा. मी वहीचा कोरा कागद फाडला, पेन्सिल काढली, आणि कड्याची पहिली रेघ वरून खाली ओढत सांगायला सुरुवात केली.